हातात धरून काढलेला फोटो

"वहिनी, राग मानू नका, पण कॅमेरा धरायला हात लागतात," दीर म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच जड वाटलं असावं, कारण तो घाईघाईने चहाच्या कपात डोकावायला लागला.

"मग हे काय आहेत?" तिने दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले. बोटं थरथरत होती. "नीट बघ. आहेत की नाहीत?"

वर्तमानपत्राआड बसलेला नवरा खोकला. त्याला हसू आलं की तो असाच खोकायचा, म्हणजे कोणाच्या बाजूने हसला ते कोणाला कळायला नको.

दिराचा रस्त्याच्या कोपऱ्यावर फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नांचे अल्बम, गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देणं, हे त्याचं काम. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो शाळेत होता आणि त्याच्या गुडघ्यावरची जखमसुद्धा तिने धुतली होती. म्हणून तो तिला अहोजाहो करायचा आणि ती त्याला अरेतुरे, आणि दोघं एकमेकांना मनापासून टोचून बोलायची.

कॅमेरा टेबलावर होता. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना आईला पाठवला, लेन्ससकट. लेन्सच्या अंगावर एक छोटं बटण होतं, त्याचीच सकाळपासून चर्चा चालली होती. लेकीने फोनवर समजावलं होतं, "आई, हे स्टॅबिलायझरचं बटण. ते चालू ठेव."

"फ्रिजला असतो तो?" नवऱ्याने मागून विचारलं होतं.

"बाबा, फ्रिजचा विजेचा चढउतार सांभाळतो, हा आईच्या हाताचा सांभाळेल."

मग लेकीने सावकाश सांगितलं. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहतो. तेवढ्या वेळात हात जरा जरी हलला तरी चित्र पुसल्यासारखं येतं. नवशिक्यांचे निम्मे फोटो याच पायी वाया जातात, हात कितीही धडधाकट असो. या लेन्सच्या पोटात एक काच आहे, ती जागची हलू शकते. हात डावीकडे गेला की चित्र जिकडे सरकणार, तिकडून ती काच त्याला परत जागेवर ओढते. सगळी थरथर नाही जात, पण पुष्कळ जाते.

हे सगळं तिने दिराला सांगितलं तर तो म्हणाला, "ठाऊक आहे मला. शिकाऊ लोकांचं खेळणं आहे ते. आम्ही शिकलो तेव्हा कुठे होतं असलं काही? कोपर बरगडीला लावायचं, श्वास धरायचा आणि बटण दाबायचं. ही म्हणजे कुबडी झाली."

"मी शिकाऊच आहे," ती म्हणाली. "आणि तू तो चष्मा काढ आणि मग एक पासपोर्टचा फोटो काढून दाखव मला."

वर्तमानपत्राआडून पुन्हा खोकला आला.

तिचे हात पूर्वी असे नव्हते. उलट हातांसाठीच ती ओळखली जायची. लग्नाआधीच ती कपबशांच्या कारखान्यात लागली होती. कारखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, तिला सगळे रेघघर म्हणायचे. तिथे बसून बायका कपाच्या काठाला सोनेरी रेघ ओढायच्या. ऐकायला सोपं वाटतं. समोर बशीएवढं एक चाक, त्यावर कप. डाव्या हाताने चाक फिरवायचं. उजवं मनगट समोरच्या लाकडी फळीवर टेकवायचं, त्या फळीला टेकण म्हणत. आणि कुंचला कपाच्या काठाला नुसता लावून धरायचा. हात अजिबात हलवायचा नाही. कप फिरतो आणि रेघ आपली आपण उमटते. हात तसूभर सरकला की रेघेला पोट सुटतं. भट्टीत जाईपर्यंत ते सोनं चहाच्या डागासारखं तपकिरी दिसतं, त्यामुळे चूक लपल्यासारखी वाटते. पण भट्टीतून बाहेर आलं की चूकसुद्धा सोन्याची होऊन चमकत बसते.

रेघघराची मालकीण नसूनही मालकीण होती ती थोरली बाई. सगळ्यांत जुनी रेघवाली. तिने लावलेली एक शिस्त होती. सगळ्यांनी आपापला कप चाकावर नीट मधोमध बसवला की थोरली नुसतं "हं" म्हणायची. मग सगळ्यांचे कुंचले एकदम कपांना लागायचे आणि खोलीत शब्द निघायचा नाही. रेघ पुरी झाली, कप उतरले, की पुन्हा गप्पा. त्यामुळे त्या खोलीतली कोणतीही गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगितली जायची.

"सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या..."

"हं."

शांतता. चाकांचा तेवढा बारीक आवाज.

"...की भाजीत मीठ नाही, आणि ताट पुसून खाल्लं हो बाईने!"

तिला ही सवय इतकी लागली होती की घरीसुद्धा ती वाक्याच्या मधोमध थांबायची आणि नवरा म्हणायचा, "अगं, इथे कुंचला नाही लावलेला कोणी, बोल पुढे."

तिला थोरलीनेच घडवलं होतं. थोरलीच्या खालोखाल तिचीच रेघ, असं सगळे मानत. आणि मग हळूहळू बोटं थरथरायला लागली. विसावलेली असताना नाही. काही धरायला गेली की थरथरायची. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, काही लोकांना असं होतं, वय वाढेल तसं वाढेल. एवढं सोपं करून सांगितलं त्यांनी. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना काडी वातीपर्यंत नेता येईना, तेव्हा ती देवासमोर चांगली तणतणली. "शरीरात एवढे अवयव दिलेस. तुला नेमके हातच सापडले?" मग काडी दोन्ही हातांनी धरून तिने दिवा लावला आणि नमस्कार केला. भांडण वेगळं, नमस्कार वेगळा, असं तिचं होतं.

कारखान्याने तिला पॅकिंगमध्ये पाठवलं. तिथे कप कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून बशी वाजली आणि पॅकिंगची मुकादमीण ओरडली, "भूकंप आला गं, भूकंप!" नाव चिकटलं. भूकंपबाई. तिने ते नाव अंगाला लावून घेतलं, म्हणजे कोणाला ते फेकून मारता येऊ नये. कोणी वाटेत आडवं उभं राहिलं तर तीच म्हणायची, "बाजूला व्हा, भूकंप येतोय."

आणि आता रेघघरच बंद होणार होतं. छापील सोनेरी पट्ट्या आल्या होत्या; पाण्यात भिजवायच्या आणि काठाला चिकटवायच्या. कोणाचंही काम. हातातली शेवटची मागणी पुरी झाली की चाकं निघणार होती आणि थोरली घरी जाणार होती.

हे कळल्यापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. रेघ ओढताना थोरलीच्या हाताचा फोटो काढायचा. कारखान्यात कपांचे फोटो ढिगाने होते, कागदावर, पुठ्ठ्यावर, खोक्यावर. रेघ ओढणाऱ्या हाताचा एकही नव्हता. आणि तो तिलाच काढायचा होता.

थोरली फोटोच्या नावानेच चवताळायची. मागे कधी तरी कोणी फोटोवाला आला होता. त्याने तिला रंगाशिवाय कोरडा कुंचला धरायला लावलं, वर हसायला सांगितलं आणि डोळ्यांसमोर फ्लॅश उडवला. कपाच्या गुळगुळीत अंगावर उजेडाचा पांढरा डाग तेवढा आला, हात कुठेच नाही. तेव्हापासून रेघघरात मोबाइलसुद्धा वर्ज्य.

"खोटी रेघ मी ओढत नाही," थोरली म्हणाली. "फ्लॅश नको. बोलणं नको. आणि तुझं ते खटकन वाजतं, ते मी एकदाच ऐकून घेईन. एक कप, एक खटका. चालत असेल तर ये."

"चालेल," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत ती कॅमेरा घेऊन गेली. थोरलीसमोरची जागा रिकामी होती. ती तिथे बसली आणि जन्मभर करत आली होती तेच तिने सवयीने केलं. कॅमेरा समोरच्या टेकणावर टेकवला. थरथरत्या हाताला आधार म्हणून फळी, वर लेन्सचं बटण चालू. दुहेरी बंदोबस्त. थोरली "हं" म्हणाली. चाक फिरलं. तिने बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा काचेवर फोटो झकास दिसला. ती तरंगत पॅकिंगमध्ये परतली.

संध्याकाळी दिराने तो त्याच्या कॉम्प्युटरवर मोठा केला, आणि सगळा फोटो ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखा होता. कपाला दोन काठ, थोरलीला सहा-सात बोटं. शिवाय हात कपाच्या आड निम्मा झाकलेला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी तिच्या आधी पॅकिंगमध्ये पोचली. मुकादमीण म्हणाली, "भूकंपबाई, फोटोत पण घरं पडली म्हणे!" सगळ्या हसल्या. तीही हसली, पण खोक्यात कागद कोंबताना तिने तो जरा जास्तच कोंबला.

तिला वाटत होतं की हातच नडला. संध्याकाळी ती स्टुडिओत जाऊन दिरापुढे उभी राहिली. "सांग काय झालं ते. गोड करून सांगू नकोस."

"टेकवला होतात कशावर?"

"टेकणावर. हात थरथरतो म्हणून तर टेकवला."

"आणि लेन्सचं बटण?"

"चालू. मी काय कच्ची आहे?"

दिराने कपाळावर हात मारला. "वहिनी, तिथेच घोटाळा आहे. ही जुनी लेन्स आहे. कॅमेरा पक्का टेकवला की हिला सावरायला काही उरत नाही. पण हिला ते कळत नाही. नसलेली थरथर शोधत बसते आणि ती सावरायला जाऊन स्वतःच डुलते. नव्या लेन्सना कळतं, हिला नाही."

ती क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे हात नव्हता हलला माझा?"

"तुमचा हात फळीवर होता. हलली ती काच."

तिला इतकं हसू आलं की तिने स्टूल धरलं. "काम नसलं की उगाच काहीतरी काढत बसते. अगदी तुझ्या भावासारखी."

"टेकवायचा तर बटण बंद करा," दीरही हसत म्हणाला. "किंवा बटण चालू ठेवा आणि हातात धरा. दोन्ही एकदम नाही. मी म्हणतो टेकवाच. तुमच्यासाठी तेच बरं."

"टेकवून समोरून कप दिसतो. हात दिसतो तो तिच्या उजव्या खांद्यावरून. तिथे टेकायला फळी नाही, काही नाही."

"मग मी येतो ना. पाच मिनिटांचं काम आहे. तसंही कारखान्याच्या साहेबांनी मला बोलावलंयच, शेवटच्या दिवशी सगळ्यांचा अंगणात ग्रुप फोटो काढायचाय. तेव्हाच आत येऊन काढून देतो."

त्याने अगदी मनापासून विचारलं होतं आणि त्याचा फोटो चांगलाच आला असता. हे तिला ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "तू काढलास तर तो तुझा फोटो. माझ्याकडून रेघ गेली, ती गेली. हे मी कोणाला देत नाही."

"आणि परत बिघडला तर?"

"तर माझा बिघडेल."

मग तिने सराव धरला. पहिलं गिऱ्हाईक नवरा. स्वयंपाकघरात संध्याकाळच्या अंधूक उजेडात तो वर्तमानपत्र वाचायचा आणि ती त्याच्या खांद्यामागे उभी राहायची. दिराने सांगितलं होतं तेही तिने सोडलं नाही, कोपर बरगडीला लावलं. फोटोचं बटण अर्धं दाबलं की लेन्समधून बारीक घूं असा आवाज यायचा. आतलं चित्र आधी पाण्यावरच्या होडीसारखं डुलत असायचं आणि त्या आवाजाबरोबर कोणीतरी होडीचा दोर खुंटीला गुंडाळावा तसं ते थांबायचं. एकदम थांबायचं नाही. जरा धीर धरावा लागायचा. पहिल्या दिवसांत ती तेवढा धीर न धरता खटकन दाबून मोकळी व्हायची आणि नवऱ्याला दोन नाकं यायची.

"एक नाक पुरे आहे मला," नवरा म्हणायचा. "त्याचीच सर्दी जात नाही."

काय होतं आणि काय होत नाही, हे तिला हळूहळू कळत गेलं. बसलेला नवरा नीट यायचा. कपाटावरचे डबे नीट यायचे, झाकणावरचे पोचे मोजता येतील इतके. शेजारचं पोरगं जिन्यावरून धावत गेलं ते मात्र नुसता ओघळ होऊन आलं. समोरचं माणूस पळत असेल तर ही काच त्याला धरून ठेवत नाही. ती फक्त धरणाऱ्याचा हात सावरते. निम्मे फोटो तरीही फुकट जात. पण उरलेल्यांत तिला एक गोष्ट सापडली. हात सांभाळायची अर्धी काळजी त्या काचेने उचलली तसं तिला बघायला फुरसत मिळाली. कुठे उभं राहिलं की खिडकीचा उजेड नवऱ्याच्या बोटांवर पडतो, एक पाऊल डावीकडे सरकलं की डब्यांची सावली कुठे जाते, हे ती आता बघत होती. आधी सगळा जीव हात हलू नये यातच जायचा.

शेवटच्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून सगळ्या चांगले कपडे घालून आल्या होत्या. अंगणात बाकं मांडली होती. दिराने तिपाई रोवली होती. रेघवाल्या, पॅकिंगवाल्या, भट्टीवाले, सगळे केस सारखे करत रांगेत उभे राहत होते. थोरलीला दोनदा बोलावणं गेलं. दोनदा एकच निरोप आला, "माझे कप राहिलेत."

ती अंगण ओलांडून रेघघराकडे निघाली, गळ्यात कॅमेरा.

"अगं भूकंपबाई, फोटोत यायचं नाही का?" मुकादमीण ओरडली.

"मी फोटोतली नाही," ती न वळता म्हणाली, "फोटोवाली."

रेघघरात थोरली एकटीच होती. बाकीची चाकं थांबलेली. खिडक्यांच्या काचा धुळीने पांढरट झालेल्या आणि त्यांतून गाळून आलेला उजेड थेट थोरलीच्या टेबलावर उतरलेला. टर्पेंटाइनचा वास. थोरलीने मान वर केली नाही.

"एकदा दिला होता तुला कप."

"वाया घालवला मी. आणखी एक द्या."

"का देऊ?"

"द्या म्हणते म्हणून. नाही दिलात तरी मी इथून हलणार नाही."

"तू? तू तर सारखी हलत असतेस."

दोघींनाही एकदम हसू फुटलं. थोरलीला डोळे पुसायला कुंचला खाली ठेवावा लागला. मग तिने टेबलावर उरलेल्या कपांकडे बघितलं आणि त्यांतला एक उचलून चाकावर ठेवला. चाकाला हलकेच गती देत, नखाने टिचक्या मारत ती तो मधोमध बसवायला लागली.

"हा घे. शेवटचा नव्हे. शेवटचा माझा मला राहू दे." मग कपाला आणखी एक टिचकी मारत म्हणाली, "साहेब म्हणतो, बाहेर येऊन हस. चाळीस माणसांत मी हसायची आणि इथे रंग वाळायचा. काढ तू तुझा."

ती थोरलीच्या उजव्या खांद्यामागे गेली. टेकायला काही नव्हतं. कॅमेरा उचलला तसा हात थरथरायला लागला, नेहमीपेक्षा जास्तच, कारण आता एकच संधी होती आणि हाताला ते कळलं होतं. काचेत थोरलीचं मनगट, टेकण, कपाचा काठ, सगळं डुलत होतं. तिने कोपर बरगडीला दाबलं. लेन्सचं बटण चालू आहे ना, ते अंगठ्याने चाचपलं. देवाचं नाव घेतलं. या खेपेला भांडण नव्हतं.

"हं," थोरली म्हणाली.

तिने बटण अर्धं दाबलं. घूं. बाहेरून दिराचा आवाज येत होता, "जरा जवळ या, मागचे दिसत नाहीत, हसा सगळे!" आत कुंचला काठाला लागला होता आणि कप फिरत होता. चित्र डुललं, अजून डुललं, मग सावकाश बसलं. तरी तिने दाबलं नाही. या खोलीत ती शिकली होती तेच केलं. थोरलीच्या खांद्याकडे बघितलं. श्वास सोडून खांदा खाली आला आणि तिथेच राहिला. तिनेही आपला श्वास तिथेच ठेवला, आणि दाबलं.

खटका त्या खोलीत चांगलाच मोठा वाजला. कुंचला जागचा हलला नाही.

रेघ पुरी झाली. थोरलीने कप उतरवून उजेडात धरून फिरवून बघितला. "बरी आहे," ती म्हणाली. मग शेवटचा कप चाकावर ठेवला. तिने कॅमेऱ्याचं झाकण लावलं, बाजूच्या चाकामागे बसली आणि हात मांडीवर ठेवून नुसतं बघितलं.

फोटो तिने घरी उघडला नाही, लेकीलाही दाखवला नाही. तो आधी दिराच्या मोठ्या पडद्यावर बघायचा असं तिने ठरवलं होतं. जे काय असेल ते तिथेच कळू दे.

दिराने तो उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. बराच वेळ त्याने खोड काढायला जागा शोधली. थोरलीच्या मनगटावरची शीर दिसत होती. नखाच्या कडेला वाळलेला तपकिरी रंग दिसत होता. कुंचल्याचे केस एकाला एक लागून टोकाशी वळले होते तेही दिसत होतं. कप मात्र फिरत होता. त्याच्या अंगावरची नक्षी फिरण्यात विरघळून गेली होती आणि त्या विरघळलेल्या कपाच्या काठावर एक रेघ, सुतासारखी.

"उजेड कमी होता, वाळूसारखे दाणे आलेत जरा," दीर शेवटी म्हणाला.

"येऊ देत की."

"वहिनी, हा मी काढला असता तर..." त्याने चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "मी समोरून काढला असता."

थोरलीला तिने छापून नेऊन दिला तेव्हा थोरलीने स्वतःचा हात बघितलाच नाही. कागद खिडकीपाशी नेऊन तिने आधी रेघ तपासली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, "पोट कुठे सुटलेलं नाही." तेवढंच.

काही दिवसांनी साहेब ग्रुप फोटो न्यायला स्टुडिओत आले, तेव्हा ती तिथेच होती. काउंटरवर थोरलीच्या हाताचा फोटो चौकट घालून ठेवलेला होता. साहेबांनी तो उचलला. "अरे वा! हा ऑफिसात लावायला हवा. पाहुणे येतात. खाली स्टुडिओचं नाव टाका," ते दिराला म्हणाले.

"मी नाही काढलेला. वहिनींनी काढलाय."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हातांकडे. "तुम्ही? हातात धरून?"

"नाही, पायात धरून."

दिराने तोंडावर हात ठेवला. साहेब जरा गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला. "त्या नव्या लेन्सा असतात ना, थरथर खाऊन टाकणाऱ्या? तसली असेल. म्हणजे लेन्सने काढला म्हणा ना!"

"लेन्स तुम्ही घेऊन जा, साहेब," ती म्हणाली. "कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि उद्या बघा किती फोटो काढलेत ते."

"तसं नव्हे हो. मी कौतुकच करतोय. देताय ना मग?"

"देते. खाली थोरलीचं नाव घाला. कोणाचा हात आहे ते कळू दे. त्याखाली माझं घाला. आणि लिहा, काढणारीचे हात थरथरतात, लेन्सला स्टॅबिलायझर होता, फोटो हातात धरून काढलाय."

साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. "अहो, एवढं सगळं कुठे लिहायचं? आणि थरथरतात वगैरे... पाहुण्यांसमोर बरं नाही दिसत ते. नुसतं 'आमच्या एक कर्मचारी' असं घालू."

"मग नाही देत."

"बघा हं. तिथे लागला असता तर मान होता."

"तिथे लागला असता तर रेघ कोणाची आणि फोटो कोणाचा, हे तुम्ही लोकांना सांगत बसला असतात का?" तिने चौकट त्यांच्या हातातून काढून घेतली. हिसकावली नाही, पण घेतली. "नाही ना? मग राहू दे."

साहेब ग्रुप फोटोचं पाकीट घेऊन गेले. दिराने दुकानाच्या दर्शनी काचेकडे बघितलं. तिथे मधोमध एका नवरा-नवरीचा फोटो कित्येक वर्षं उन्हात पिवळा पडत लटकला होता. तो उठला, त्याने तो उतरवला आणि खिळा मोकळा केला.

ती स्टुलावर चढली. चौकटीच्या मागचा दोर खिळ्यात अडकवायचा होता आणि दोर काही खिळ्याला सापडेना. बोटं थरथरत होती, चौकट काचेवर टकटक वाजत होती. काचेपलीकडे रस्त्यावरून जाणारी दोन-तीन माणसं थांबून बघायला लागली.

"द्या इकडे, मी लावतो," दीर पुढे झाला.

"तू बस खाली," ती म्हणाली. "आणि पाटी लिहायला घे. मी सांगितलं तसंच लिही, एक शब्द गाळलास तर बघ. अक्षर मोठं काढ. रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला हवं."

दीर खाली बसला आणि त्याने पेन उघडलं. ती चौकट हातात धरून पुन्हा खिळा शोधायला लागली. बाहेरची माणसं अजून उभीच होती. तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती माणसं बघत असतानाच तिने आपलं काम चालू ठेवलं, जितका वेळ लागायचा होता तितका लावून.